घर बाई देते

अण्णा आमच्या दुकानासमोर उभे राहिले की त्यांचा एक पाय पायरीवर आणि दुसरा रस्त्यात असायचा. मी कितीदा म्हटलं, "अण्णा, टेका की जरा, पोतं टाकते." पण छे! "नगं आक्का, आपण बसलो की दुसराच कुणीतरी घर दावून मोकळा हुतोय," असं म्हणत ते सुपातले मूठभर चिरमुरे उचलायचे, त्यातले शेंगदाणे आधी वेचून खायचे आणि खाता खाता मान वर करून समोरच्या माड्या बघत राहायचे. ते बघणं सुरू झालं की गल्लीतल्या बायका खिडक्या लावून घ्यायच्या.

अण्णा घरांचे दलाल होते. कुणाला घर विकायचंय, कुणाला घ्यायचंय, दोघांची गाठ घालून द्यायची, हा त्यांचा धंदा. मूळचे निपाणीकडचे. तरुणपणी तंबाखूच्या वखारीत होते, तिथं खोकला लागला म्हणून बेळगावात आले. काळी टोपी, मागं कॉलरला अडकवलेली छत्री आणि किल्ल्यांच्या वजनानं गुडघ्यापर्यंत लोंबणारे कोटाचे खिसे. कानडी माणसाशी कानडी, लष्करी कँपातल्या माणसाशी हिंदी, आमच्याशी मराठी. बोलणं कुठल्याही भाषेत असो, पाय मात्र ठरायचा नाही. त्यांच्याबरोबर चालणाऱ्या गिऱ्हाइकाला निम्म्या वाटेत धाप लागायची.

दिवसही तसेच होते म्हणा. दुसरी लढाई सुरू झाली होती आणि बेळगावच्या जुन्या पेठांतली घरं भराभर हात बदलत होती. शिकलेली, नोकरीतली मंडळी टिळकवाडीत बंगले बांधून निघाली होती. तिकडं मोकळी हवा, दारात बाग, स्टेशन जवळ. मागं राहिलेली घरं घ्यायला निपाणीचे तंबाखूवाले आणि खानापूरचे लाकूडवाले यायचे. त्यांना कुठलं घर हवं असायला! त्यांना वखार हवी असायची. मग खालची दुकानं उठायची. कोपऱ्यावरचा कल्हईवाला असाच गेला. पत्रावळी विकणारी म्हातारी गेली. आज ज्याच्याकडून वाती घेतल्या तो पुढच्या महिन्यात तिथं असेल की नाही, सांगता येत नव्हतं. रोज सकाळी दुकान उघडताना मी आधी गल्लीची दोन्ही टोकं बघायची आणि मगच भट्टी पेटवायची.

माझं दुकान चिरमुऱ्या-फुटाण्यांचं. नवरा विषमज्वरानं गेला तेव्हा दीर म्हणाला, "गावाकडं कंग्राळीला चल, पोळीभाकरीला काय कमी न्हाय." मी म्हटलं, भट्टी मला येते, वाळू तापवता येते, मी कशाला कुणाच्या चुलीपाशी बसू? मी राहिले. दुकान होतं ते घर मालकांचं, काका-काकूंचं. काका मामलेदार कचेरीतून पेन्शन घेतलेले. त्यांच्या घराच्या रस्त्याकडच्या सोप्यात एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला एक शिंपी. माझ्या भट्टीचा धूर काकूंच्या माडीवर जायचा आणि त्यावरून आमची रोज सकाळी तणातणी व्हायची. संध्याकाळी त्याच काकू ताकाचा तांब्या घेऊन खाली यायच्या आणि गप्पा मारत उंबऱ्यावर बसायच्या.

घर निघणार, म्हणजे विकायला निघणार, हे म्हणे अण्णांना आधीच कळायचं. भिंतींना चुना द्यायचं थांबलं, तुळस वाळली की समजायचं. असं ते मोठ्या तोऱ्यात सांगायचे. एकदा समोरच्या सोनारणीची तुळस वाळलेली बघून ते थेट माजघरापर्यंत गेले आणि म्हणाले, "काय अपेक्षा हाय, वैनी?" ती बिचारी येळ्ळूरला माहेरी बाळंतपण उरकून नुकतीच परतली होती. नवऱ्यानं तुळशीला थेंबभर पाणी घातलेलं नाही म्हणून आधीच तिच्या अंगाचा तिळपापड झालेला. तिनं सरळ खराटा उचलला. अण्णा पळत आले ते माझ्या पोत्यांमागं. म्हणाले, "आक्का, हे घर काय निघायचं न्हाय." मी इतकी हसले की चाळण हातातून पडली.

पण त्यांची एक रीत होती आणि तिच्यापुढं ते कुणाचं ऐकत नसत. किंमत ठरू दे, कागद तयार होऊ देत, त्यांच्या लेखी घर दिलेलं नसायचं. शुक्रवार बघून ते दोन्हीकडच्या बायकांना उंबऱ्याशी आणायचे. विकणाऱ्या घरच्या बाईनं घेणाऱ्या घरच्या बाईला हळदकुंकू लावायचं आणि खणानारळानं तिची ओटी भरायची. त्याआधी अण्णा तिला विचारायचे, "मनापासनं?" ती हो म्हणाली की घर दिलं. नाही म्हणाली, नाहीतर नुसती गप्प राहिली, तरी सौदा मोडला. मग नवरा का आदळआपट करेना. "घर बाई देते," अण्णा म्हणायचे. "बुवा निस्ती सही करतोय."

खानापूरचा एक लाकूडवाला एकटाच आला होता. त्याला त्यांनी दारातूनच परत पाठवला, "जावा, मालकीणबाईस्नी घेऊन या." तो तणतणत गाडीनं गेला आणि बायकोला घेऊन आला. त्या बाईनं स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि म्हणाली, "अगबाई, काय ही काजळी!" ओटी भरायला उभी असलेली घरधनीण ओटीचं तबक घेऊन जी आत गेली ती बाहेर आलीच नाही. लाकूडवाल्यानं अण्णांना काय काय ऐकवलं! अण्णा शांतपणे छत्री अडकवून चालू लागले. लोक हसायचे, पण अण्णांनी दिलेल्या घरावरून कधी भांडण उठत नाही, हेही तेच लोक सांगायचे.

ही रीत कुठून आणली, असं मी एकदा विचारलं. शेंगदाणे वेचता वेचता ते म्हणाले, "आमच्या बानं निपाणीचं घर इकलं. आईला इचारलं न्हाय. आमी दुसऱ्या गल्लीत राह्यला गेलो. आई रोज सांजच्याला जायाची आन् त्या घराच्या पायरीवर बसायची. नवीन माणसं लई भली हुती, काय बोलायची न्हाईत. मी जाऊन हाताला धरून आणायचा. मरस्तवर बसली, आक्का." एवढं सांगून त्यांनी हात झटकले आणि "चला, शहापुरात एक घर बगायचंय" म्हणून निघाले. मला त्या दिवशी वाटलं, ह्या माणसाचे पाय का ठरत नाहीत ते आता कळलं.

आणि मग एक दिवस अण्णा आले ते रस्त्यातच उभे राहिले. पायरीवर पाय नाही, सुपाकडं हात नाही.

"काय झालं, अण्णा?"

"आक्का, हे घर निघालंय."

काकांच्या मुलानं टिळकवाडीत बंगली बांधली होती. निपाणीचा एक तंबाखूवाला हे घर मागत होता. सोप्यात भिंत घालून तो पोती रचणार होता. म्हणजे मी उठणार, शिंपी उठणार. शिंप्यानं ऐकलं आणि मशीनवर डोकं टेकून बसला.

मला रडू आलं नाही, राग आला. कुणाचा आला ते नका विचारू, सगळ्यांचाच आला. पुढचे दिवस मी नुसती धुमसत होते. फुटाणे करपले, गिऱ्हाइकाला चिरमुऱ्याऐवजी डाळं बांधून दिलं. शेवटी कंग्राळीला गेले आणि दिराला म्हटलं, नवऱ्याच्या वाटणीचं शेत तू घे आणि मला मोकळी कर. तो तयारच होता. परत येऊन मी अण्णांना म्हटलं, "हे घर मी घेते. तंबाखूवाला देतोय तेवढंच देते."

"कोण, तू?"

"व्हय, मी. का?"

अण्णांचा चेहरा आधी उजळला. मग त्यांनी माझ्या कपाळाकडं बघितलं आणि मान खाली घातली. "किंमत जमंल, आक्का. कागदबी हुतील. पर ओटी कशी भरायची?"

विधवेची ओटी भरत नाहीत, हे काय मला ठाऊक नव्हतं? पण कुणी ते असं तोंडावर मोजून दाखवलं नव्हतं. माझा संताप संताप झाला. मी हातातलं माप आपटलं. "अण्णा, बाईनं मनापासनं द्यावं म्हणून तुमची ही रीत न्हवं? का दुसरं काय? तुमच्या आईला कुणी इचारलं न्हाय म्हणून तुमी जल्मभर इचारत फिरताय. मग काकूंच्या मनाला इचारा की! माझ्या कपाळाला कशाला इचारताय?"

रस्त्यात माणसं थांबली. अण्णा छत्री कॉलरला अडकवायला गेले, ती अडकेना, तशीच हातात धरून निघून गेले. त्यानंतर बरेच दिवस ते आमच्या गल्लीत फिरकले नाहीत. शिंपी म्हणाला, "आक्का, तू जरा जास्तच बोललीस." मी म्हटलं, "गप शिव तुझं."

अण्णा आले ते शुक्रवारी. बरोबर तंबाखूवाला आणि त्याची बायको. बाई वाईट नव्हती हो. आल्या आल्या मला म्हणाली, "तुमचं दुकान ह्येच का?" आणि मी हो म्हटल्यावर तिला कुठं बघावं कळेना. मी तिला चिरमुरे दिले. तिनं ते खाल्ले नाहीत, पदरात बांधून घेतले.

काकू तबक घेऊन उंबऱ्याशी आल्या. काका, त्यांचा मुलगा, तंबाखूवाला, सगळे सोप्यात उभे. मी माझ्या पोत्यांपाशी. तिथून जायला पाहिजे होतं, पण मी गेले नाही. अण्णांनी विचारलं, "काकू, मनापासनं?"

काकू तबकातला नारळ उगाच फिरवत राहिल्या.

"अगं, हो म्हण की," काका म्हणाले.

काकूंनी माझ्याकडं बघितलं. "माझ्या मनात हिला द्यायचं आहे," त्या म्हणाल्या. "धुरावरून इतकी वर्षं भांडले, पण घर हिनंच सांभाळलंय. माडीवर मी आजारी पडले तेव्हा पेज हिनं करून घातली. पण हिची ओटी कशी भरू? तुम्हीच सांगा अण्णा. रीत तुमची आहे."

सगळ्यांची तोंडं अण्णांकडं वळली. अण्णांच्या टोपीखालून घामाचा ओघळ आला. त्यांनी तो पुसला, पुन्हा आला. मग एकदम म्हणाले, "आडाकडं चला."

परसात आड होता. जुन्या घरांतून असायचाच. अण्णा सोप्यातून, माजघरातून तरातरा मागं गेले आणि आम्ही सगळे त्यांच्या मागं. रहाटावरचा दोर त्यांनी सोडवला, त्याचं टोक काकूंच्या हातात दिलं. "काकू, ह्या दोरानं तुमी आजवर पाणी वढलं. उद्यापासनं कुणी वढायचं, तिच्या हातात द्या."

काकूंनी दोर माझ्या हातात दिला. ओला होता, जड होता. मग मात्र मला रडू फुटलं आणि काकूही रडू लागल्या.

"हा कुठला रिवाज?" तंबाखूवाला ओरडला.

"आजपासनचा," अण्णा म्हणाले.

तो चवताळला. निपाणीतला एक माणूस तुमच्या दारात उभा राहणार नाही, बघतोच, असं बरंच बोलला. त्याची बायकोच शेवटी म्हणाली, "चला वो. त्यांच्या मनात न्हाई तर आपल्याला कशाला पायजे?" काकूंनी तिला तशी जाऊ दिली नाही. घरी आलेली सवाष्ण म्हणून तिची ओटी भरली, खण दिला, नारळ दिला. दारातून बाहेर पडताना तिनं माझा हात दाबला.

काकांना पैसे तेवढेच मिळाले आणि असं ते घर माझं झालं. शिंपी राहिला, भट्टी राहिली. काकू टिळकवाडीला गेल्या आणि महिन्यातून एकदा टांगा करून यायच्या, आल्या की आधी धुरावरून बोलायच्या.

अण्णांचं मात्र नुकसान झालं. त्या दिवसापासून त्यांनी ओटी सोडली आणि सगळीकडं आडाचा दोर धरला. विधवा असो, एकटी असो, सासू असो, जी त्या घरात राबली तिनं दोर द्यायचा, जी राबणार तिनं घ्यायचा. आड नसेल तिथं चुलीतला निखारा. मोठे व्यापारी म्हणाले, ह्या येड्याच्या नादी कोण लागणार? ते दुसऱ्या दलालांकडं गेले. त्या दलालांना बायकांची तोंडंसुद्धा बघायची नसायची, एका बैठकीत काम. अण्णांकडं राहिली ती बारकी घरं, बारकी माणसं. कोट विटला, खिसे हलके झाले. तरी चालणं तेच. "बसा की आता अण्णा, वय झालं," मी म्हणायची. "लोकं घाईला आल्यात, आक्का. आपण न्हाय फिरलो तर त्या बायकास्नी इचारणार कोण?"

स्वातंत्र्याचा झेंडा लागायच्या आदल्या वर्षी थंडीत त्यांना ताप भरला. जुना खोकला उलटला. मी वडगावला त्यांच्या घरी गेले तेव्हा ते अंथरुणावर होते आणि पाय पांघरुणाबाहेर. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, पांघरूण घालायची, ते पुन्हा पाय काढायचे. मूलबाळ नव्हतं. मला बघून म्हणाले, "येळ्ळूरच्या वाटेवरचं घर निघालंय. म्हातारी न्हाय म्हणतीया, पोरं तिला दाबत्यात. कुणीतरी जायला पायजे." ते काही गेले नाहीत. त्याच आठवड्यात अण्णा गेले. मला बातमी कळली तेव्हा कढईत वाळू तापलेली होती, चिरमुरे टाकायचे होते. मी टाकलेच नाहीत, वाळू तशीच तापत राहिली.

पुढं उन्हाळ्यात वहिनीचा निरोप आला, "ये." गेले. हुबळीहून तिचा दीर आला होता. अण्णांचं घर विकायचं त्यानं ठरवलं होतं. वहिनीला तो घेऊन जाणार होता. सोबत एक नवा दलाल, पांढऱ्या कपड्यांतला, घड्याळ बघणारा. घेणारं जोडपं शहापूरचं होतं, लुगड्यांच्या व्यापारातलं. अण्णांना ओळखणारी माणसं. त्यांनीच म्हटलं होतं, अण्णांचं घर आहे, तर आडाचा दोर घेऊनच घेऊ. दलाल हसला, म्हणाला, "घ्या, घ्या, वेळ किती लागतोय त्याला!"

आडापाशी सगळे उभे राहिलो. वहिनीनं दोर हातात घेतला. घेणाऱ्या बाईनं हात पुढं केला. दीर म्हणाला, "द्या वैनी लवकर, मोटार गाठायची हाय."

कुणीच काही विचारलं नाही. विचारणारा माणूसच नव्हता आता. वहिनीचा हात उचलला जात होता, आणि मला राहवलंच नाही.

"वैनी," मी म्हटलं, "मनापासनं?"

दलालानं कपाळाला आठ्या घातल्या. दीर माझ्यावर खेकसला, "ह्या कोण मधीच?" वहिनी माझ्याकडं बघत राहिली.

"न्हाय," ती म्हणाली.

शहापूरच्या बाईनं पुढं केलेला हात मागं घेतला आणि नवऱ्याला म्हणाली, "चला. हे घर आपल्याला नको." दलाल बडबडायला लागला, दीर तर लालबुंद झाला. एकटी हितं काय करणार, कोण बघणार, कागद तयार हायत, काय काय बोलत होता. वहिनीनं त्याचं ऐकून घेतलं की नाही कोण जाणे. तिनं पदर खोचला, घागरीच्या गळ्याला दोर बांधला, घागर आडात सोडली आणि पाणी ओढायला लागली.